‘कसोटी’पासून ‘एंड्युरो’पर्यंत : सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय मोटारसायकल स्पर्धेचा इतिहास

(१)

संस्था टिकून राहते आणि तिचे नाव बदलते, हा अनुभव आपणांस नवा नाही. गावांची, विद्यापीठांची, मंडळांची नावे बदललेली आपण पाहतो. अशा बदलाचे कारण बहुधा नावाच्या बाहेर, राजकारणात किंवा लोकभावनेत असते. परंतु क्वचित असेही घडते की, ज्या वस्तूला नाव दिले ती वस्तूच हळूहळू पालटत जाते आणि एके दिवशी जुने नाव तिला पुरेनासे होते. अशा वेळी नावातील बदल हा त्या वस्तूच्या इतिहासाचा पुरावा ठरतो. प्रस्तुत लेखात अशाच एका उदाहरणाचा विचार करावयाचा आहे.

इ. स. १९१३ मध्ये इंग्लंडच्या उत्तर सीमेजवळील कार्लाइल या गावी मोटारसायकलींची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. तिचे नाव ‘इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल’, म्हणजे ‘सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय कसोटी’. हीच स्पर्धा १९८१ पासून ‘इंटरनॅशनल सिक्स डेज एंड्युरो’ या नावाने ओळखली जाते. २०२५ साली इटलीतील बेर्गामो येथे तिचा ९९ वा प्रसंग साजरा झाला. रस्ता सोडून माळरान, डोंगर, जंगल व चिखल यांतून जाणाऱ्या मोटारसायकलींच्या ज्या दीर्घ पल्ल्याच्या स्पर्धा जगात होतात, त्यांत इतकी जुनी परंपरा असलेल्या स्पर्धा फारच थोड्या. या ११२ वर्षांत तिचे ठिकाण वारंवार बदलले, मार्ग बदलला, यंत्रे ओळखू न येण्याइतकी बदलली, आणि शेवटी नावही बदलले. तर मग तिच्यात कायम राहिले ते काय? १९१३ ची ‘ट्रायल’ आणि आजची ‘एंड्युरो’ या दोहोंना एकच स्पर्धा कोणत्या आधारावर म्हणावयाचे? या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा या लेखाचा हेतू आहे.

(२)

प्रथम जुन्या नावाकडे पाहू. इंग्रजीतील ‘ट्रायल’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधील ‘निवडणे, वेगळे काढणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. चांगले व वाईट यांची निवड करण्यासाठी घेतलेली परीक्षा, हा त्याचा मूळ भाव. मराठीत त्याला ‘कसोटी’ हा शब्द अगदी चपखल बसतो. कारण सोन्याचा कस ज्या दगडावर पाहावयाचा त्या दगडाचेच ते नाव आहे. कसोटीवर सोने धावत नाही, सोन्याची पारख होते. १९१३ च्या स्पर्धेचे स्वरूपही असेच होते. कोण सर्वांत वेगाने गेला हा तिचा प्रश्न नव्हता. कोणाचे यंत्र भरवशाचे, हा होता.

हा प्रश्न त्या काळी खरोखरच महत्त्वाचा होता. मोटारसायकल ही तेव्हा जेमतेम पहिल्या पिढीतून बाहेर पडत होती. पुष्कळ गाड्यांत इंजिनाची शक्ती मागील चाकापर्यंत चामड्याच्या वा रबराच्या पट्ट्याने पोहोचविली जात असे. पाऊस पडला की हा पट्टा घसरे. गिअरची सोय सर्व गाड्यांना नव्हती, त्यामुळे चढणीवर स्वाराला उतरून गाडी ढकलावी लागे. दिवे कार्बाइडचे असत. टायर वारंवार पंक्चर होत, आणि रस्ते म्हणजे बहुतांशी खडी व धूळ. ग्राहकाला जाहिरातीतील शब्दांपेक्षा प्रत्यक्ष प्रवासाचा दाखला हवा होता. म्हणूनच ब्रिटनमध्ये अनेक दिवस चालणाऱ्या भरवशाच्या चाचण्या आधीपासूनच रूढ झाल्या होत्या. स्कॉटलंडमधील सहा दिवसांची चाचणी १९०९ पासून भरत होती. १९१३ मध्ये या कल्पनेला आंतरराष्ट्रीय रूप मिळाले. मोटारसायकल संघांच्या ज्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या आश्रयाखाली ती भरली, तो आदल्याच वर्षी पुन्हा सुरू झालेला होता. हाच महासंघ १९४९ पासून आजच्या नावाने ओळखला जातो. पहिला करंडक ब्रिटनच्या चमूने जिंकला. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि स्पर्धा १९२० पर्यंत खंडित झाली.

(३)

या स्पर्धेचे मर्म तिच्या मार्गात नसून तिच्या अटींत आहे. त्या अटी थोड्या विस्ताराने सांगितल्या पाहिजेत, कारण त्यांच्याविना पुढील इतिहास उलगडत नाही.

स्पर्धा सलग सहा दिवस चालते. दर दिवशी स्वाराला साधारणतः दोनशे किलोमीटरांच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक, खडतर मार्ग तोडावा लागतो. मार्गावर ठिकठिकाणी वेळेचे नाके असतात. प्रत्येक नाक्यावर किती वाजता पोहोचावयाचे हे आधीच ठरलेले असते. उशीर झाला तर दर मिनिटाला दंड. आणि उशीर एका तासाच्या पलीकडे गेला तर स्वार स्पर्धेतूनच बाद. याचा अर्थ असा की, घड्याळ हे येथे प्रतिस्पर्ध्यासारखे असते. गाडी बिघडली, नदीत बुडाली, टायर फाटला, तरी नाक्यावरील घड्याळ थांबत नाही.

दिवस संपला की सर्व गाड्या एका कुंपण घातलेल्या बंद आवारात जमा होतात. रात्रभर त्यांना कोणी हात लावू शकत नाही. स्वत: स्वारालाही तेथे प्रवेश नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेल्या वेळेआधी फक्त दहा मिनिटे काम करण्यास मिळतात, आणि इशारा मिळाल्यापासून एका मिनिटात गाडी सुरू करून आरंभरेषेपासून पुढे न्यावी लागते. दिवसाच्या शेवटी आवारात शिरण्यापूर्वी आणखी पंधरा मिनिटे मिळतात. या पंधरा मिनिटांत कुशल स्वार दोन्ही चाकांचे टायर स्वत: बदलून मोकळा होतो. गाडीचा सांगाडा, इंजिनाचे कवच, चाकांचे तुंबे यांसारख्या मुख्य भागांवर स्पर्धेपूर्वीच रंगाची खूण किंवा मोहोर केलेली असते. हे भाग सहा दिवसांत बदलता येत नाहीत. म्हणजे ज्या यंत्रावर पहिल्या दिवशी निघाला, त्याच यंत्रावर सहाव्या दिवशी परतला पाहिजे.

आणि या सर्वांहून महत्त्वाची अट अशी की, दुरुस्ती स्वाराने स्वत:च्या हाताने करावयाची. ठरवून दिलेल्या ठिकाणी त्याला सुटे भाग वा हत्यारे मिळू शकतात. जवळ उभा राहून कोणी सूचनाही देऊ शकतो. पण काही किरकोळ बाबी सोडल्यास पाना फिरवावयाचा तो त्यानेच. हाताला फोड आलेले असोत, मनगट सुजलेले असो, काम त्याचेच.

येथे मराठीतील एका शब्दाची आठवण होणे स्वाभाविक आहे. अरबीतील ‘शर्त’ हा शब्द फारसीच्या द्वारे आपल्याकडे आला आणि त्याची दोन रूपे झाली. ‘शर्त’ म्हणजे अट. आणि ‘शर्थ’ म्हणजे प्रयत्नांची पराकाष्ठा. एकाच शब्दातून निघालेले हे दोन अर्थ वरवर पाहता दूरचे वाटतात. परंतु जो अटीने बांधलेला आहे त्यालाच शर्थ करावी लागते, हा त्यांच्यातील दुवा आहे. प्रस्तुत स्पर्धेत हा दुवा डोळ्यांना दिसतो. तिच्या शर्ती काढून घेतल्या तर मागे उरेल ती केवळ एक लांबलचक रपेट.

(४)

१९२० नंतरच्या दोन दशकांत या कसोटीला राष्ट्रीय स्वरूप आले, आणि त्यामागे आणखी एक शर्त होती. मुख्य करंडकासाठी उतरणाऱ्या राष्ट्रीय चमूने आपल्याच देशात तयार झालेल्या मोटारसायकली वापरल्या पाहिजेत, असा नियम होता. त्यामुळे विजय स्वाराचा असला तरी श्रेय कारखान्याचे, आणि कारखान्यामार्फत देशाचे, असे समीकरण तयार झाले. १९२० पासून तीन वर्षे स्वित्झर्लंडने, १९२३ मध्ये स्वीडनने करंडक घेतला. १९२४ पासून पुढे अनेक वर्षे ब्रिटनचे वर्चस्व राहिले. ब्रिटिश मोटारसायकल उद्योगाच्या भरभराटीचा तोच काळ होय.

ज्या देशांत मोटारसायकलींचे कारखाने नव्हते किंवा पुरेसे समर्थ नव्हते, त्यांची या नियमाने कुचंबणा होत असे. १९२४ मध्ये रौप्य चषकाची दुसरी सांघिक स्पर्धा सुरू झाली आणि पुढे तिच्यात परदेशी यंत्रेही चालू लागली, त्यामुळे ही अडचण काही अंशी दूर झाली. या चषकाच्या इतिहासातील एक घटना विशेष नोंदण्याजोगी आहे. १९२७ मध्ये इंग्लंडमधील सरोवरांच्या प्रदेशात, अँबलसाइड येथे स्पर्धा भरली असता मार्जोरी कॉटल, ईडिथ फोली व लुई मॅक्लीन या तीन स्त्रियांच्या ब्रिटिश चमूने हा चषक जिंकला. स्त्रियांसाठी वेगळा विभाग त्या वेळी नव्हता; तोच मार्ग, तीच घड्याळे आणि तीच हत्यारे घेऊन त्यांनी पुरुषांच्या चमूंवर मात केली. भरवशाची परीक्षा ही बलाची परीक्षा नव्हे, हे याहून स्पष्टपणे सिद्ध करता आले नसते. यंत्राची जोपासना, वेळेचा हिशोब आणि संयम यांना येथे वेगाहून अधिक मोल होते.

(५)

यंत्राचा भरवसा हा ग्राहकाइतकाच सैन्याच्याही आस्थेचा विषय असतो. निरोप्या सैनिकाची मोटारसायकल खडकाळ मार्गावर बंद पडली तर निरोप पोहोचत नाही. त्यामुळे चौथ्या दशकात या कसोटीकडे लष्करी दृष्टीनेही पाहिले जाऊ लागले. १९३३ ते १९३५ अशी सलग तीन वर्षे जर्मनीने करंडक जिंकला. बीएमडब्ल्यूच्या गाड्यांवरील एर्न्स्ट हेने हा त्या चमूतील प्रसिद्ध स्वार. १९३६ पासून ब्रिटनने करंडक पुन्हा आपल्याकडे घेतला.

या चढाओढीचा शेवट १९३९ च्या ऑगस्टमध्ये साल्झबुर्ग येथे झाला. ऑस्ट्रिया तेव्हा जर्मनीत विलीन करण्यात आलेला होता. ब्रिटनचे मुलकी स्वार तेथे होते, तसाच ब्रिटिश सैन्याचा चमूही होता. स्पर्धा सुरू असतानाच, २३ ऑगस्ट रोजी मॉस्को येथे जर्मनी व सोव्हिएत संघ यांच्यात अनाक्रमणाचा करार झाला, आणि युद्ध टळत नाही हे स्पष्ट होऊ लागले. ब्रिटिश चमूंना परत बोलावण्यात आले. सहावा दिवस पुरा न करताच त्यांनी सीमेचा रस्ता धरला. त्यानंतर आठवड्याच्या आत, १ सप्टेंबरला, जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या. यजमान जर्मनीला विजयी ठरविणारा या स्पर्धेचा निकाल युद्धानंतर रद्द करण्यात आला.

येथे गणनेची एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १९१३ चा एक, १९२० ते १९३९ चे वीस आणि १९४७ पासूनचे वार्षिक प्रसंग अशी बेरीज केली, तर आजचा क्रमांक जुळतो तो १९३९ धरूनच. म्हणजे निकाल रद्द झाला, पण प्रसंग रद्द झाला नाही. कोण जिंकला हे पुसले गेले. पाच दिवस स्वार निघाले आणि नाके गाठीत राहिले, हे पुसले गेले नाही. या कसोटीचे खरे द्रव्य कोणते, याचा हा एक अजाणता दिलेला निर्वाळा म्हणता येईल.

(६)

युद्धोत्तर पहिली स्पर्धा १९४७ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील झ्लिन येथे झाली. बाटा या पादत्राणांच्या कारखान्याचे मूळ गाव म्हणून हे नाव आपल्याकडेही अगदी अपरिचित नाही. पुढे १९४९ मध्ये या गावाचे नाव गॉटवाल्डोव्ह असे करण्यात आले, त्यामुळे १९५३, १९५५ व १९५९ च्या नोंदींत तेच गाव दुसऱ्या नावाने येते. १९९० मध्ये त्याला झ्लिन हे नाव परत मिळाले. १९४७ चा करंडक यजमानांनीच जिंकला. नंतर १९४८ ते १९५१ ही चार वर्षे ब्रिटनची होती. १९५३ चा करंडकही ब्रिटनने घेतला. परंतु मुख्य करंडकावरील ब्रिटनचे ते अखेरचे नाव ठरले.

यामागील कारण यांत्रिक होते. ब्रिटिश कारखाने मोठ्या, वजनदार फोर-स्ट्रोक गाड्यांवर विसंबून राहिले. मध्य युरोपातील कारखान्यांनी मात्र लहान, हलक्या टू-स्ट्रोक इंजिनांचा विकास केला. टू-स्ट्रोक इंजिनात झडपा व त्यांची यंत्रणा नसते. हलणारे भाग थोडे, म्हणून बिघाडाच्या जागाही थोड्या, आणि दुरुस्ती सोपी. चिखलात रुतलेली गाडी स्वाराला एकट्याने उचलावयाची असेल तर प्रत्येक किलोग्रॅमचा फरक पडतो. स्वत:च्या हाताने सर्व करण्याची जी शर्त, तिला सर्वांत योग्य असे यंत्र कोणते, हे मध्य युरोपाने आधी ओळखले.

चेकोस्लोव्हाकियाच्या यशात ‘जावा’ या गाडीचा मोठा वाटा होता. हे नाव पुष्कळांना बेटाचे वाटते. वस्तुत: ते संस्थापक यानेचेक आणि जिच्या परवान्याने पहिली गाडी निघाली ती ‘वांडरर’ कंपनी, या दोन नावांच्या आद्याक्षरांतून बनले आहे. चेक उच्चाराप्रमाणे त्यातील पहिले अक्षर ‘या’ असावयास हवे. भारतात ते ‘जा’ झाले आणि तसेच रुजले. १९६० च्या सुमारास म्हैसूर येथे या गाडीचा कारखाना सुरू झाला आणि पुढे ‘येझदी’ या नावानेही तिचा वंश चालला. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात कच्च्या रस्त्यांवर ज्यांनी ही गाडी वापरली, त्यांच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल की, तिच्या चेक भावंडांनी या आंतरराष्ट्रीय कसोटीत कित्येक करंडक मिळविले होते.

१९६३ पासून पूर्व जर्मनीचा उदय झाला. त्शोपाउ येथील ‘एमझेड’ कारखान्याच्या टू-स्ट्रोक गाड्यांवर त्या देशाने १९६३ ते १९६७ अशी सलग पाच वर्षे आणि पुन्हा १९६९ मध्ये करंडक जिंकला. शीतयुद्धाच्या त्या काळात, पोलादी पडद्याच्या दोन्ही बाजूंचे स्वार दरवर्षी एकाच मार्गावर धावत होते, ही लहान गोष्ट नव्हे. १९६४ ची स्पर्धा पूर्व जर्मनीतील एरफुर्ट येथे भरली. तेथे अमेरिकेचा चमू उतरला आणि त्यात बड व डेव्ह एकिन्स हे बंधू, क्लिफ कोलमन आणि चित्रपट अभिनेता स्टीव्ह मॅक्वीन होते. ते ब्रिटिश बनावटीच्या ट्रायम्फ गाड्यांवर आले होते. मॅक्वीन व बड एकिन्स यांना अपघातांमुळे मध्येच थांबावे लागले. डेव्ह एकिन्स व कोलमन यांनी सुवर्णपदके मिळविली. नामांकित नटाला आणि नवख्या स्वाराला घड्याळ एकच नियम लावते, हे त्यातून दिसून आले.

(७)

या दरम्यान एक खोल बदल सावकाश घडत होता. प्रारंभीची कसोटी सार्वजनिक रस्त्यांवर होत असे, कारण त्या काळचा सामान्य रस्ताच पुरेसा खडतर होता. रस्ते डांबरी झाले, पूल झाले, घाट रुंद झाले; आणि चांगले यंत्र त्यांवरून निर्धास्त जाऊ लागले. परीक्षा कठीण ठेवावयाची तर रस्ता सोडणे भाग होते. म्हणून मार्ग पायवाटांकडे, जंगलांकडे, ओढ्यांच्या पात्रांकडे वळला. अशा मार्गासाठी मग खास गाड्या बनू लागल्या : उंच, हलक्या, लांब झेपेच्या स्प्रिंगांच्या आणि खोल खाचांच्या टायरांच्या. ज्या गाडीची परीक्षा व्हावयाची ती आता बाजारातील सामान्य गाडी राहिली नाही, परीक्षेसाठीच जन्मलेली गाडी झाली.

याचा परिणाम असा झाला की, यंत्रे मोडेनाशी झाली. नाके वेळेत गाठणारे स्वार इतके वाढले की त्यांच्यात क्रम लावणे कठीण होऊ लागले. तो लावण्यासाठी मार्गातील काही टप्प्यांवर सेकंदांनी मोजलेल्या वेगाच्या विशेष परीक्षा घेतल्या जात; त्यांचे महत्त्व आता वाढत गेले. अखेर निर्णय त्याच परीक्षांवर होऊ लागला. आजही पदकांची वाटणी याच तत्त्वावर होते : आपल्या वर्गातील सर्वोत्तम स्वाराच्या वेळेहून ज्याची वेळ दहा टक्क्यांपेक्षा अधिक नाही त्याला सुवर्णपदक, त्याखाली रौप्य, आणि सहा दिवस पुरे करणाऱ्या प्रत्येकाला कांस्य.

दुसरीकडे, यंत्र स्वदेशीच असावे ही अटही १९७० नंतर उरली नाही. देश व कारखाना यांची गाठ सुटली. १९७३ मध्ये स्पर्धा प्रथमच युरोपाबाहेर, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील डाल्टन येथे गेली. मुख्य करंडक चेकोस्लोव्हाकियाने जिंकला. रौप्य चषक यजमान अमेरिकेला मिळाला, तोही स्वीडनच्या हुस्कवार्ना गाड्यांवर. त्या चमूतील माल्कम स्मिथ हे नाव ‘ऑन एनी संडे’ या १९७१ च्या माहितीपटाने आधीच घरोघरी पोहोचविले होते. हुस्कवार्ना हे मुळात स्वीडनमधील एका गावाचे नाव. पुढे त्या मोटारसायकलींची मालकी इटलीत, नंतर जर्मनीत आणि २०१३ पासून ऑस्ट्रियात गेली. नाव तेच राहिले, पण ते आता कोणत्या देशाचे म्हणावयाचे हे सांगणे कठीण झाले. ज्या काळात यंत्राचा देश सांगणे हीच पहिली अट होती, त्या काळापासून स्पर्धा किती दूर आली, हे या एका नावावरून कळते.

(८)

आता नामांतराचा विचार करता येईल. ‘ट्रायल’ हा शब्द मोटारसायकलींच्या जगात दोन अर्थांनी चालू होता. एक अर्थ आपण पाहिला तो, दीर्घ पल्ल्याच्या भरवशाच्या कसोटीचा. दुसरा अर्थ त्यातूनच फुटला : खडकांवरून, ओंडक्यांवरून अगदी संथ गतीने, पाय जमिनीला न टेकता गाडी नेण्याचे कौशल्य. ज्या स्कॉटिश चाचणीचा वर उल्लेख आला, ती पुढे याच दुसऱ्या प्रकारची झाली. १९७५ पासून या तोल सांभाळण्याच्या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ‘ट्रायल’ याच नावाने सुरू झाली. शब्द एक आणि खेळ दोन, अशी स्थिती झाली. भाषेत असे घडते तेव्हा एका अर्थाला दुसरा शब्द शोधावा लागतो.

तो शब्द अमेरिकेतून आला. ‘एंड्युरो’ हा दुसऱ्या महायुद्धापूर्वीच अमेरिकेत रूढ झालेला, ‘एंड्युरन्स’ या शब्दाला ओकारान्त शेपूट जोडून बनविलेला शब्द आहे. त्याच्या मुळाशी ‘कठीण’ या अर्थाचे लॅटिन विशेषण आहे. दिसण्यात तो स्पॅनिश वा इटालियन वाटतो. कदाचित म्हणूनच युरोपीय भाषांत तो सहज सामावला. १९८१ मध्ये इटलीच्या एल्बा बेटावर भरलेल्या स्पर्धेपासून त्याला अधिकृत स्थान मिळाले.

तथापि हा केवळ गोंधळ टाळण्याचा प्रश्न होता असे मानणे पुरेसे नाही. ‘कसोटी’ म्हटले की कोणाची, असा प्रश्न येतो आणि कसोटी घेणारा बाहेर उभा असतो. ‘तग धरणे’ म्हटले की ते करणारा स्वत:च डोळ्यांपुढे येतो. मराठीत यंत्राला आपण टिकाऊ म्हणतो आणि माणसाला चिवट. इंग्रजीतील ‘एंड्युरन्स’ दोघांनाही चालतो, पण त्याचा कल माणसाकडे अधिक आहे. यंत्रे मोडेनाशी झाली, तेव्हा परीक्षा यंत्राकडून स्वाराकडे सरकली. नवे नाव हे या सरकण्याची नोंद आहे. अन्य भाषांनी मात्र या वादात पडण्याचे टाळले. जर्मन भाषा या स्पर्धेला सहा दिवसांचा ‘प्रवास’ म्हणत आली, आणि फ्रेंच व इटालियन बोलणारे तिला नुसते ‘सहा दिवस’ म्हणतात. इंग्रजी नाव बदलले तरी ‘सहा’ व ‘दिवस’ हे शब्द सर्वत्र कायम राहिले.

(९)

नव्या नावाखाली स्पर्धा खऱ्या अर्थाने जागतिक झाली. ऑस्ट्रेलिया, ब्राझील, न्यूझीलंड, चिली, मेक्सिको, अर्जेंटिना येथे ती भरली. १९८५ पासून रौप्य चषकाची जागा तरुण स्वारांच्या करंडकाने घेतली, आणि २००७ पासून स्त्रियांच्या राष्ट्रीय चमूंसाठी स्वतंत्र करंडक सुरू झाला; अँबलसाइडच्या त्या विजयानंतर बरोबर ८० वर्षांनी. अमेरिकेने मुख्य करंडक प्रथम जिंकला तो २०१६ मध्ये, आणि २०१९ मध्ये पोर्तुगालमधील पोर्तिमाओ येथे मुख्य व स्त्रियांचा असे दोन करंडक घेतले. १९४७ पासून अखंड चाललेली परंपरा २०२० मध्ये महासाथीमुळे एका वर्षापुरती खंडित झाली.

आपल्या प्रदेशाशी या इतिहासाचा एक अप्रत्यक्ष दुवा आहे. आजच्या एंड्युरोत ज्या गाड्या सर्वत्र दिसतात, त्यांत ऑस्ट्रियातील मॅटिगहोफेन येथील केटीएम या कारखान्याच्या गाड्या अग्रभागी आहेत. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये या कंपनीत भाग घेतला, आणि पुढे चाकण येथे तिच्या लहान गाड्या तयार होऊ लागल्या. त्या रस्त्यावरच्या गाड्या होत, एंड्युरोच्या नव्हेत. पण ज्या नावाला या स्पर्धेने प्रतिष्ठा दिली, तेच नाव चाकणच्या कामगारांच्या हातांतून गाडीवर चढते, हेही खरे.

(१०)

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. मार्ग, यंत्र, देशाचे बंधन, निर्णयाची पद्धत आणि नाव यांपैकी काहीही मूळचे राहिले नाही. काही अभ्यासू प्रेक्षक असा आक्षेप घेतात की, यंत्र मोडतच नसेल तर रात्रीचे बंद आवार, रंगाच्या खुणा आणि स्वत:च्या हाताने दुरुस्तीची अट हे सारे आता केवळ रूढीचे अवशेष आहेत. सेकंदांच्या परीक्षा आणि सोबत मेकॅनिकांचा ताफा अशी व्यवस्था केली तर निकाल अधिक शुद्ध लागेल. हा आक्षेप वरवर तर्कशुद्ध आहे. परंतु तो स्वीकारला तर स्पर्धेचे सातत्य ज्या एकमेव धाग्यावर उभे आहे, तोच तुटतो.

कारण १९१३ च्या स्वाराने कार्लाइलजवळच्या चढणीवर जे केले, आणि २०२५ च्या स्वाराने बेर्गामोच्या डोंगरात जे केले, त्यांत समान असे एकच आहे : सहा दिवस, एकच यंत्र, आणि त्यावर दुसऱ्या कोणाचा हात नाही. या शर्तीमुळे स्वार आणि यंत्र यांचे नाते धनी व चाकर असे राहत नाही. जो आज आपली गाडी निष्काळजीपणे दामटतो, तोच उद्या सकाळी त्या दहा मिनिटांत तिची किंमत मोजतो. वेग वाढवावा की गाडी जपावी, हा निर्णय त्याला एकट्याला दर मैलाला घ्यावा लागतो, आणि परिणामही त्यालाच भोगावा लागतो. अशा जबाबदारीचे क्षेत्र आधुनिक खेळांत फार थोडे उरले आहे; बहुतेक ठिकाणी खेळाडूच्या मागे तज्ज्ञांची फळी असते आणि चूक कोणाची हे सांगता येत नाही.

म्हणून ‘ट्रायल’ गेली आणि ‘एंड्युरो’ आली, याचा अर्थ कसोटी संपली असा घेऊ नये. परीक्षेचा विषय यंत्राकडून माणसाकडे सरकला, इतकाच त्याचा अर्थ. करंडकाच्या शर्यतीत ज्यांचा कधी उल्लेखही होत नाही, असे शेकडो स्वार दरवर्षी केवळ कांस्यपदकासाठी, म्हणजे सहावा दिवस पुरा करण्यासाठी, आपल्या खर्चाने दूरदेशी जातात. त्यांच्या दृष्टीने पाहिले तर स्पर्धेचे जुने व नवे ही दोन्ही नावे एकाच वेळी खरी आहेत, आणि जोवर ती शर्त पाळली जात आहे तोवर ती खरीच राहतील.